तासाला वीस मिनिटं

तलासरी,
१९ जून २०१८

प्रिय सोमीताईस,

निलमचा नमस्कार. रविवारी घरी कैनाडला जाऊन आले. पेरणी उरकली, आईचा गुडघा आता बरा आहे. तुझं चारोटीच्या खानावळीतलं काम कसं चाललंय? अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत. सावकाश वाच.

गेल्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी होते, म्हणून एका भांडणात पडले. वर्गातली रुपल तोंडी सगळं सांगते, पण वाचताना तिची अक्षरं जागा बदलतात. पेपर अर्धाच राहतो. डॉक्टर त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अर्ज लिहिला. रुपल म्हणाली, "माझ्याबद्दल मीच बोलेन. तू फक्त शेजारी उभी राहा."

प्राचार्य म्हणाले, "एकीला दिला तर उद्या दहाजण मागतील."

"मागू देत, सर," रुपल म्हणाली. "दहाजणांना गरज असेल."

सरकारी दवाखान्यात तीन खेपा घातल्या, तेव्हा दाखला मिळाला. एप्रिलमध्ये तिला तासाला वीस मिनिटं जास्त मिळाली. पहिल्यांदाच तिचा पेपर पुरा झाला. आता आणखी चार मुलं पुढं आलीत.

सरांनी मला विचारलं होतं, "तुला एवढी तळमळ का?" मी म्हटलं, "वर्गप्रतिनिधी आहे म्हणून." तुझं नाव घेतलं नाही.

ताई, तू ओळीवर बोट ठेवून एकेक पान तासभर वाचायचीस. मी रोज बघत होते. तरी २०१५ला तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नापास झालीस, बाबांनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, "ती नुसतं पुस्तक उघडून बसते." पुढच्या वर्षी मला कॉलेजला जायचं होतं. दोघींपैकी एकीलाच पाठवतील असं वाटलं होतं मला. त्याच आठवड्यात तुझं कॉलेज सुटलं आणि तू चारोटीला गेलीस.

रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोमीला बोलव. मला तिच्याशी बोलायचंय."

कॉलेजचा प्रवेशअर्ज आणलाय, कोराच आहे. भरायचा की नाही ते तू ठरव. तुझ्या वतीनं मी एकदा बोलले, पुन्हा बोलणार नाही. येत्या रविवारी चारोटीला येते. जे बोलशील ते बसून ऐकेन, पण न भेटता परत जाणार नाही.

तुझ्या माफीवर हक्क नसलेली, तरी येणारच असलेली,
निलम