गाळलेलं अठ्ठ्याऐंशीवं

५ फेब्रु. २००३, बुध. हिंगोली
घरसभा शिंदेबाईंकडे. बायबलातलं स्तोत्र ८५. गेले, ओठ हलवले, आले. शेवटी पाळक नेहमीप्रमाणे एकेकाला विचारत गेले, या आठवड्यात देवाचे उपकार कशाबद्दल मानायचे? कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई नोकरीत कायम झाला. माझ्यापाशी आले तशी मान खाली घातली. ह्यांनी माझ्याही वाटणीची स्तुती करून टाकली, तीही मोठ्यांदा. एसटी डेपोत इंजिनावर ओरडून ओरडून ह्यांचा आवाज तसाच झालाय.
आमची लेक एस्तेर जाऊन दीड महिना होत आला, आणि हे अजून एकदाही रडलेले नाहीत.

७ फेब्रु.
दोन ब्लाउज, एक परकर. एस्तूचा नर्सिंगचा पांढरा ड्रेस अर्धवट शिवलेला, मशीनखाली तसाच. उचलवत नाही, कोणाला देववतही नाही.
कावीळ उतरली म्हणून नांदेडहून घरी आणली, तेव्हा ह्याच खोलीत उपकारस्तुतीची सभा ठेवली. मी रव्याचे लाडू केले. एस्तूने उशीला टेकून उपकाराचं स्तोत्र स्वतः वाचलं, मध्ये दम लागला तर हसली. आठ दिवसांत पुन्हा उलट्या. पुन्हा नांदेडला निघालो ते पोचलोच नाही, जीपमध्येच गेली.
उपकार मानायची घाई झाली का आमची? मानलेले उपकार आता परत मागायचे तर कोणाकडे? लाडवांचा डबा मी अजून घासलेला नाही.

१२ फेब्रु., बुध.
सोनाबाई आली. तांड्यावरची, माझं जुनं गिऱ्हाईक, मैत्रीणच म्हणायची. हळद शिजवायला दूरच्या गावी गेली होती, आज कळलं. दारातच गळ्यात पडली आणि तांड्यातल्या बाया रडतात तशी सूर धरून रडायला लागली. एस्तूचं नाव घेऊन, ती कशी हसायची, हिच्या बाळाला कशी औषध पाजायची, सगळं सुरात. आता मलाही रडू फुटणार, तेवढ्यात हे आतून आले.
“बाई, आमच्यात असं रडत न्हाईत.”
सोनाबाईने पदराने नाक पुसलं. “मंग तुमच्यात काय करतेत, दादा?”
“देवाची प्रार्थना करतो आमी.”
“मी बी त्येच करून राहिले की!”
हे आत गेले. मातीच्या दिवशीही ह्यांनी बायकांना असंच थांबवलं होतं. मेलेले पुन्हा उठतील अशी आशा असणाऱ्यांनी आकांत करायचा नसतो म्हणे. आशा ह्यांची, गळा माझा आवळलाय.
संध्याकाळच्या सभेला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१९ फेब्रु., बुध.
स्तो. ८७ झालं. म्हणजे पुढच्या बुधवारी आमच्या घरी ८८.
आमच्या मंडळीत पहिल्यापासून रीतच आहे. दर बुधवारी एक स्तोत्र, ओळीने, कोणतंही गाळायचं नाही, आणि ज्याचं घर त्याच्या कर्त्याने वाचायचं. साळव्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या आठवड्यात नेमकं शत्रूच्या लेकरांना शाप देणारं आलं होतं. तेही साळव्यांनी खाली बघत वाचलं, वर चहा दिला.
आज घरी येऊन ८८ काढून पाहिलं. रडगाण्याची बाकीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडात येतात, स्तुतीला लागतात. हे येत नाही. अंधारातच संपतं. बायबलात असं आहे, आणि कोणी काढून टाकलं नाही! दोनदा वाचलं.
किती दिवसांनी कशाची तरी वाट पाहते आहे.

२६ फेब्रु., बुध.
सतरंजी घातली, चहाचं आधण ठेवलं. सगळे बसले. पाळक म्हणाले, “स्तोत्र एकोणनव्वद.” आणि स्वतःच वाचायला लागले.
कोणी वर पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दया केली माझ्यावर. शाप चालतो सगळ्यांना, माझं रडणं चालत नाही.
चहात साखर घातली नाही. मुकाट प्यायले सगळे.

२७ फेब्रु.
सकाळीच पाळकांकडे गेले. बिचारे ओशाळले. “बाई, माझ्या मनानं न्हाई केलं. तुमच्या मालकानंच सांगितलं, एवढं गाळा म्हणून.”
हे डेपोतून आल्याबरोबर विचारलं. हात धुवत राहिले, ग्रीस निघाल्यावरही. मग म्हणाले, “तुला तरास व्हईल वाटलं.”
“मला तरास? वाचायचं तर तुम्हाला होतं.”
जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

२ मार्च, रवि.
रविवारच्या उपासनेला देवळात गेले नाही. हे गेले. खिडकीतून ह्यांचा स्तुतीचा आवाज ओळखू येतो एरवी, देऊळ जवळच. आज आला नाही.

५ मार्च, बुध.
दुपारी हे अर्ध्या ड्यूटीवरून आले. अंगावरचे कपडेही न बदलता बायबल घेऊन माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसले. “आपल्या घरचं राहिलंय,” म्हणाले.
मशीन थांबवलं. ह्यांनी ८८ सुरू केलं. डेपोतला आवाज नव्हताच तो. मधोमध देवालाच एक प्रश्न आहे, मेलेली माणसं उठून तुझी स्तुती करतील का? तिथे थांबले. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले.
“उठतेत ना गं?” मला विचारलं.
हा माणूस कबरीपाशी सगळ्यांना हेच ठणकावून सांगत होता. हो म्हण, हो म्हण, असं मी स्वतःला सांगत होते. इतके दिवस ह्यांच्यावर चिडले होते, आणि आता ह्यांच्यासाठी तरी म्हणायचं होतं.
“एस्तू,” हे म्हणाले. मग मोठ्यांदा, “माझी एस्तू...” शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. दोघंही रडलो.
संध्याकाळी सभेला जायचं की नाही ते ठरलेलं नाही. स्तोत्र अर्धं राहिलंय. हे अजून मधूनमधून माझ्याकडे बघतात. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हणवलं नाही.