बोंड, सरकी आणि माझी चाई

३ नोव्हेंबर, सोमवार

बोंडच्या पाठीवर टक्कल! शेपटीच्या जरा वर, बिस्किटाएवढं. परवा ब्रश केला तेव्हा काहीच नव्हतं. खाजवत नाही, खपली नाही, रक्त नाही. मुळ्याचा पाला तर असा हादडते आहे की विचारू नका.

आईने पाहिलं आणि पदर नाकाला लावला. “पाह्य! म्या म्हटलं होतं न? तुह्या डोक्याले ह्या सशायनंच लावलं!”

माझ्या डोक्याला चाई पडली जूनमध्ये. कानाच्या वर, आधी रुपयाएवढी, आता अर्ध्या तळहाताएवढी. बोंड आणि सरकी, दोन्ही ससे घरात आले राखीला. सांगितलं तिला. पण तारखा कोण ऐकतं!

५ नोव्हेंबर, बुधवार

सरकीलाही. पोटाच्या बाजूला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज वर्गात प्रेरणाने विचारलं, “मॅडम, तुमचे तिथले केस कुठे गेले?” म्हटलं, सुट्टीवर. “कधी येतीन?” — अर्ज लांबलचक टाकलाय त्यांनी. सगळी तिसरी हसली आणि आम्ही सातचा पाढा सुरू केला. संपला विषय! मोठ्यांना एवढं साधं का जमत नाही? स्टाफरूममध्ये बसलं की कुणीतरी स्कार्फचा रंग सुचवतंच. मी केस मागे घट्ट बांधते. चाई दिसते तर दिसू दे. चोरी केलेली नाही.

घरात तर मी फतवाच काढलाय. कांद्याचा रस, लसूण, कुणाच्या तरी मावसबहिणीचं तेल — चाईच्या औषधाचं नाव निघालं की मी ताटावरून उठणार. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं चालू आहेत. कुणाकडून कुणाला लागत नाही, म्हणाल्या. केस येतील तेव्हा येतील. दोनदा खरोखरच उठले, तेव्हापासून सगळे गप्प आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोघींना टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत एक गाभण म्हैस, दोन शेळ्या आणि मी. म्हशीवाले काका आधी सशांकडे बघायचे, मग माझ्या डोक्याकडे, मग परत सशांकडे. शेवटी मीच म्हटलं, “हो काका, तिघीही!” ते असे लाजले की माझा नंबर त्यांनी आधी जाऊ दिला.

डॉक्टरांनी भिंग लावून नीट पाहिलं. बुरशी नाही, खरूज नाही, पिसवा नाहीत. कातडी एकदम साफ. केस मुळातून गळलेले नाहीत, वरून तुटलेत. हात फिरवला तर खुंट लागतात. म्हणाले, कधी कधी एक ससा दुसऱ्याचे केस कुरतडतो, काही दिवस वेगळ्या ठेवून बघा.

घरी येऊन आईला मोठ्याने सांगितलं. खरूज नाही! बुरशी नाही! ती भाजी निवडत होती. “डाक्टरले काय जाते सांगाले.”

९ नोव्हेंबर, रविवार

पिंजऱ्याच्या मधोमध जाळी ठोकली. बाबांनी पक्कड धरली. बाबा तसे दुकानात गिऱ्हाइकाशी चार तास बोलतील, लुगड्याचा काठ दाखवता दाखवता त्याच्या व्याह्याची चौकशी करतील, पण घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. दुपारी जेवायला येतात, गच्चीवर जाऊन सशांना पाला टाकतात, जरा लवंडतात, परत दुकान. आई काहीही म्हणाली तरी एकच, “राहू दे न.” ते मला म्हणतात की आईला, देव जाणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सरकीच्या मानेवर नवीन टक्कल! मानेवर, मागच्या बाजूला, जिथे तिचं स्वतःचं तोंड पोचूच शकत नाही. बोंड जाळीपलीकडे. मग कुरतडलं कोणी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

तर असं आहे. पुढच्या रविवारी पाहुणे येणार. पुलगावचे, मुलगा बँकेत. आईने परस्पर बोलणं केलं आणि आज जेवताना सांगून टाकलं. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर टकले ससे नकोत म्हणून शुक्रवारी मामाचा प्रफुल गाडी घेऊन येणार आणि दोघींना पवनारला त्याच्या शेतावर नेणार.

प्रफुलच्या शेतावर तीन कुत्रे आहेत. मोकळे. गेल्या वर्षी त्यांनी शेजाऱ्याची बकरी फाडली, हे त्यानेच हसत हसत सांगितलं होतं.

“पाहुणे का म्हणतीन? घरात समद्यायलेच चाई हाय?”

म्हटलं, म्हणू दे! ससे गेले तर रविवारी मीही नसेन. चहा तूच नेऊन दे त्यांना. आणि मुलाला हेही सांग, की मुलीच्या डोक्यावर भोक आहे पण आत भुसा नाही.

बाबा ताटाकडे बघत होते. “राहू दे न.”

१६ नोव्हेंबर, रविवार

उजेडात नेऊन मोबाइलमधून फोटो काढले आणि मोठे करून पाहिले. टकलाची कड सरळ आहे. पट्टी ठेवून आखावी तशी. दातांनी असं होत नाही.

हे कात्रीचं काम आहे.

घरात माणसं तीन. त्यात सशांना घालवायची घाई एकीलाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बोलले. बाबांसमोर आईला सगळं बोलले. तू कापतेस, मला खोटं पाडायला कापतेस, पाहुण्यांसाठी मुक्या जीवांवर कात्री चालवतेस. आईचा चेहरा पांढरा पडला. “म्या? मी कधी हात तरी लावते का त्यायले? मले शिसारी येते त्यायची! तुह्या डोक्याची आन, नाई कापले!” मी म्हटलं, माझ्या डोक्याची आण घेऊ नकोस, तिथले केस आधीच कमी आहेत. 

हे बोलायला नको होतं, ते तोंडातून निघतानाच कळलं. ती रडली. आमच्या आईला मी आजोबा गेले तेव्हा रडताना पाहिलं, त्यानंतर आज.

पण मग कोण? मला तिचं खरं वाटत नाही. वाटायला हवं आहे, पण वाटत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ती बोलत नाही. मीही नाही. डब्यात मात्र माझ्या आवडीची भरली वांगी होती. खाल्ली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबा संध्याकाळी आईला म्हणाले, “प्रफुलले शुक्रवारी नको बलावू. महिनाभर थांब.” महिनाभर? महिनाभर कशाला? कायमचे राहू दे म्हणायची हिंमत का होत नाही यांना! मी समोरच बसले होते. एक शब्द माझ्या बाजूने ठामपणे टाकला असता तर काय बिघडलं असतं? चिडून उठले. शुक्रवारी मी शाळेतून रजा टाकणार आणि पिंजऱ्यापुढे खुर्ची टाकून बसणार. बघू प्रफुल कसा नेतो ते!

२० नोव्हेंबर, गुरुवार

संस्थेचे जुने सचिव वारले, शाळा दुपारी बारालाच सुटली. घरी आले, थेट गच्चीवर गेले. बाबा चटईवर बसले होते. मांडीत बोंड, हातात दुकानातली कापडाची कात्री, शेजारी वाटीत राख आणि तेलाची बाटली. बोंड डोळे मिटून निवांत पडली होती.

मी ओरडणारच होते. पण तेच घाबरले. शाळेतल्या पोरासारखे कात्री मागे लपवू लागले.

“तळेगावच्या बाजारात एक औषधवाला बसते,” म्हणाले. “थो म्हणे, सशाच्या रक्ताचं तेल लावा, चाई भरून येते. म्या म्हटलं, रक्त नाई निघत बाप्पा माह्यानं. पोरीचा जीव हाय त्यायच्यात. मंग म्हणे केसाची राखही चालते, खोबरेलात. महिनाभर लावा लागते म्हणे.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू ताटावरून उठते न.”

आई यांच्यासमोर रडली तेव्हाही हे बोलले नाहीत. राग आला, फार आला. बाटली अर्धी रिकामी होती. विचारलं, एवढं तेल गेलं कुठे? त्यांनी टोपी काढली. टक्कल राखेने काळं, तेलकट. “तुले आग झाली असती त? म्हून आधी माह्या डोक्याले लावून पाह्यलं. नाई होत आग.”

राखेने चाई जात नाही. मला ठाऊक आहे. बहुतेक त्यांनाही.

मी त्यांच्यासमोर चटईवर बसले, केसांचं रबर काढलं. म्हटलं, यापुढे कात्री कापडालाच लावायची. आज रात्री आईला तुम्हीच सांगायचं, माझ्यादेखत. आणि आता लावा.