डाव्या हाताचं पेन

३ फेब्रुवारी

आज ह्यांची खुर्ची खिडकीजवळून हलवली आणि वर्कशॉपमध्ये लाकूड कातायच्या लेथसमोर मांडली. नणंद आली होती. म्हणाली, किती करतेस गं दादाचं! मी मान खाली घातली. ह्यांना करमावं म्हणून नाही आणलं मी. बघायला लागावं म्हणून आणलं. अर्धांगवायूनं उजवा हात मांडीवर लुळा, जीभ जड — आणि डोळ्यांसमोर त्यांच्या लेथवर मी!

५ फेब्रुवारी

लग्न झाल्यापासून लाकडी पेन घडवायचे हे आणि ते जुनं दिसेल असं करायचे मी. तारेचा ब्रश रेषांच्या दिशेनं फिरवायचा, म्हणजे मऊ लाकूड झिजतं, कडक रेषा वर राहतात. मग कोऱ्या चहाचं दाट पाणी. ते वाळलं की गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगर. बघता बघता लाकूड काळं पडतं. वर किल्ल्यांचा जुडगा आपटून खाचा, शेवटी मेण. आमची पेनं घेणारा दुकानदार पेन फिरवून फिरवून बघायचा, ह्यांना म्हणायचा, काय हात आहे! हे खुशाल मान डोलवायचे. डबीवर नाव ह्यांचं. एकदा मी बोलून गेले की यातलं निम्मं मी करते. हे दुकानदाराकडे बघून हसले. "ती पुसते हो नुसतं."

पुसते!

९ फेब्रुवारी

ह्यांना सध्या दोनच शब्द येतात, "नाही" आणि "पाणी". डॉक्टर म्हणतात, बोलणं हळूहळू परत येईल. येईल तेव्हा येईल.

आज ह्यांनी जपून ठेवलेला अक्रोडाचा तुकडा मुद्दाम लेथवर चढवला आणि पटाशी दाबली. उभा तडकला. हे नाही, नाही करत राहिले. मी म्हटलं, पाणी हवंय का? आणि ग्लास तोंडाला लावला. सगळं पिईपर्यंत काढला नाही. हनुवटीवरून छातीवर ओघळलं.

वाईट वाटलं का? नाही.

१४ फेब्रुवारी

लेथवर हात बसला. माझी पेनं ह्यांच्यापेक्षा सुबक होतात. दाखवली. डोळे मिटून घेतले त्यांनी.

२० फेब्रुवारी

बाजारातून आले तर जमिनीवर सालपटंच सालपटं. लाकूड वाइसच्या पकडीत आवळलेलं आणि हे डाव्या हातानं चाकू चालवत होते. म्हटलं, चालू द्या तुमची भातुकली. केर मलाच काढायचाय.

२६ फेब्रुवारी

त्यांचं पेन झालं. वाकडं, कुठे जाड, कुठे बारीक. रंगही स्वतःच दिला. आयुष्यात कधी हे काम केलेलं नाही, मग व्हायचं तेच झालं! चहात बुडालेली बोटं न पुसता कोरड्या लाकडाला लावली. त्यावर खिळ्यांचं पाणी गेल्यावर बोटांचे ठसे काळेकुट्ट उमटले. पहिल्या दिवशीही माझ्याकडून ही चूक झाली नव्हती. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. तोंडभर हसू. मी ते भंगाराच्या खोक्यात टाकलं.

२ मार्च

दुकानदार आला. माझी पेनं ओळीनं मांडली होती. बघितली, बाजूला सारली. मग खोक्यात हात घालून ते वाकडं बाहेर काढलं. बोटं बरोबर त्या ठशांवर ठेवली.

"वहिनी, ही बाकीची म्हातारी दिसतात. हे म्हातारं झालंय. कुणाचं काम?"

ह्यांची मान वर आली. ओठ हलायला लागले. "म... म..."

"माझं," मी म्हणाले.

असली पेनं दिलीत तर डबीवर तुमचं नाव घालतो, म्हणाला. बाकीची घेतली नाहीत. तो गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. माझं कधी कुणाला दिसलं होतं?

१० मार्च

जमत नाही! ठसे मुद्दाम उमटवले तर चिकटवल्यासारखे दिसतात. डाव्या हातानं केलं, डोळे मिटून केलं. इतकी वर्षं नीट करायची सवय, हात चुकायलाच तयार नाही.

१३ मार्च

ह्यांची दाढी केली. पाय चेपले. गोड बोलून डाव्या हातात चाकू दिला. ह्यांनी बोटं उघडून खाली पाडला. पुन्हा दिला. पुन्हा पाडला. शेवटी जेवणाचं ताट काढून घेतलं, म्हटलं, आधी काम. रात्रीपर्यंत उपाशी बसले, पण चाकूला हात लावला नाही.

१८ मार्च

उद्या दुकानदार येणार. दाखवायला एकही पेन नाही. खरं सांगून टाकायचं ठरवलंय — ते ह्यांनी केलं होतं, हेच करतील, दोघांचं नाव घाला. एवढं ऐकल्यावर तरी हे ऐकतील. ऐकायलाच हवं.

१९ मार्च

सांगितलं. दुकानदार ह्यांच्याकडे वळला, तुम्ही केलंत? हे सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. आजारपणानंतरचं पहिलं अख्खं वाक्य.

"सगळं हिचंच आहे. उगाच मला मोठेपणा देते."

दुकानदाराचे डोळे भरून आले. ऑर्डर दुप्पट केली, माझ्या नावाच्या डब्या छापायलाही टाकल्या. त्यांत ठेवायला माझ्याकडे एकही पेन नाही. लग्न झाल्यापासून मला हेच ऐकायचं होतं.