आपोआप निवड

सोमवार, ३

आलो एकदाचे! सामान लागलं, गॅस जोडून झाला, बाबांचं शिलाई मशीन खिडकीशी बसलं. कंपनीनं ऑफिसच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या दिल्यात, त्यामुळे कामावर जायचं म्हणजे फक्त एक जिना उतरायचा. बाबा म्हणाले, आपल्या जुन्या घरात न्हाणीघरसुद्धा याहून लांब होतं. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच विनोद केला, म्हणून मी जरा जास्तच हसलो.

आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट तपासते. माणसं दिवसभर फिरतात, प्रत्येक लिफ्टचा अहवाल लिहितात, आणि ते सगळे अहवाल खाली तीन नॅसवर साठतात. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं कपाट. त्या कपाटांचा बॅकअप रोज नीट होतोय ना, एवढं बघायचं. साधं काम आहे, असं मुलाखतीत तरी म्हणाले होते.

मंगळवार, ४

साधं काम म्हणे! बॅकअपला तीन प्रॉक्सी आहेत. प्रॉक्सी म्हणजे मधला हमाल. नॅसवरची फाइल वाचायची, डोक्यावर घ्यायची आणि बॅकअपच्या गोदामात नेऊन टाकायची. आमचे तिन्ही हमाल पक्के कामचुकार. एक अर्ध्या वाटेत मान टाकतो, दुसरा जागचा हलत नाही, तिसरा उत्साहानं निघतो आणि भलत्याच नॅसला जाऊन चिकटतो. त्यात काम मध्येच तुटलं की प्रॉक्सी त्याच फायलीवर अडकून बसते. सगळं पुन्हा सुरू करावं तेव्हाच सुटते.

जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी रिकामाच बसलोय, मला ने की हमालीला.

जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. डोळे अधू झाले, पण डोकं शाबूत आहे. जुन्या आळीतल्या कुणाचंही नाव घ्या, छाती, खांदा, बाही, कॉलर, सगळं तोंडपाठ. वहीत बघून माप सांगणाऱ्याला ते शिंपीच मानत नाहीत.

शुक्रवार, ७

डोक्याला नुसता ताप. रोज सकाळी मॅनेजरबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहून बॅकअप फसल्याचा तोच लाल अहवाल बघतात आणि तोच सुस्कारा सोडतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन केला, तर पोरगी म्हणाली स्क्रीनचा फोटो पाठवा. पाठवला. मग विचारलं, मशीन चालू आहे का. बंद मशीनच्या स्क्रीनचा फोटो मी कसा काढला असेन, असं मी तिला विचारलं. तिनं शांतपणे लिहून घेतलं.

शेवटी हात टेकले. सेटिंगमध्ये ‘आपोआप निवड’ असा एक चौकोन होता, त्यावर रागारागानं टिक मारली. खाली बारीक अक्षरात होतं, जवळची आणि रिकामी प्रॉक्सी निवडली जाईल. निवड बाबा, तुला हवी ती निवड.

सोमवार, १०

सगळं हिरवं! तिन्ही नॅस, एकही फाइल राहिली नाही. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, मुख्य ऑफिसातून तपासणीला माणसं येणार आहेत त्यांना दाखवू म्हणाल्या. जीव भांड्यात पडला.

फक्त एक गोष्ट कळली नाही. प्रॉक्सींच्या यादीत आता चौथी ओळ आहे. नाव रिकामं, पत्ता रिकामा, स्थिती ‘उपलब्ध’. मी बसवलेली नाही. बाकीच्या तिघी पाट्या टाकतात आणि सगळं काम ही एकटी उरकते. जाऊ दे, फुकटचा हमाल कुणाला नको असतो?

बाबा जेवताना म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट एक बोट वर थांबते. आमच्या इमारतीत लिफ्टच नाही. शेजारी कुठंतरी जाऊन आले असतील.

बुधवार, १२

बाबा सुईत दोरा ओवताना पुटपुटतात. दोरखंडाला गंज. दाराचं रबर सुटलंय. आवाज सपाट, त्यांचा नसल्यासारखा. विचारलं तर म्हणतात, मी कुठं काय बोललो?

गंमत म्हणून मामाच्या शर्टाचं माप विचारलं. कॉलर सांगितली आणि थांबले. मग ओशाळं हसले. मामाचं माप!

डॉक्टर म्हणाले वय झालं, असं व्हायचंच. मग मी बाबांवरच डाफरलो, जरा लक्ष देऊन बोलत जा म्हणून. ते मशीनवर कापड झाकून बसून राहिले. फार वाईट वाटतंय.

शुक्रवार, १४

अहवाल चाळताना बाबांचं ते वाक्य दिसलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट एक बोट वर थांबते. फाइल सोमवारीच बॅकअपला गेलेली. तपासनीस जिन्यात बोलत असतील, बाबांच्या कानावर पडलं असेल, अशी मनाची समजूत घातली. पण समजुतीवर सोडणं आमच्या धंद्यात बसत नाही. आम्ही खोटी फाइल पाठवून बघतो.

एक फाइल केली. आत लिहिलं, निळ्या म्हशीनं सायकल विकत घेऊन दातांच्या डॉक्टरला उसनी दिली. कुणाला दाखवली नाही. फक्त तेवढीच बॅकअपला लावली. चौथी ओळ ‘सुरू’ झाली आणि मी जिना चढून वर गेलो.

बाबा मटार सोलत होते. निळ्या म्हशीनं सायकल विकत घेऊन दातांच्या डॉक्टरला उसनी दिली, ते म्हणाले. मग फायलीची तारीखही म्हणाले. मग पुढची शेंग उचलली.

तसाच मागं फिरलो. मी जिन्यातच बसून राहिलो.

शनिवार, १५

ओळ काढून टाकली, परत आली. आपोआप निवडीची टिक काढली, तर तिन्ही हमाल आडवे आणि चौथी परत सुरू. मदतकेंद्राचं उत्तर आलं — तुमचा बॅकअप यशस्वी होतोय, मग तक्रार नक्की कशाची? काय लिहू त्यांना? माझा बाप तुमच्या यादीत आहे म्हणून? त्यांनी तक्रार बंद केली आणि वर सेवा कशी वाटली ते विचारलं. मॅनेजरबाईंना नुसतं म्हटलं, सेटिंग बदलावं लागेल. त्यांनी हात जोडले. तपासणी होईपर्यंत बोटसुद्धा लावू नको, म्हणाल्या.

रोज नवे अहवाल येतात. रोज बाबांचं काहीतरी जातं. आज त्यांना आमच्या जुन्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं ते आठवेना. जागा लागते ना. वाहून न्यायचं तर जागा लागते. ती ते माझ्या बाबांमधून —

सोमवार, १७

बाबांना ताईकडे पाठवून पाहिलं. ताईचा फोन आला, रडत होती. तिच्या स्वयंपाकघरात बसूनही लिफ्टच. मी चिडून खालच्या सगळ्या मशीनची वायर उपटली. दिवे गेले, पंखे थांबले. बरं वाटलं, खरंच सांगतो, फार बरं वाटलं.

ताईचा पुन्हा फोन. बाबा अडकलेत. दार बंद होताना — दार बंद होताना — दार बंद होताना — तेवढंच. पाणी गिळेनात, पापणी हलेना.

हे मला माहीत होतं. काम मध्येच तुटलं की अडकते. मला माहीत होतं, आणि तरी मी —

वायर लावली. सगळं पुन्हा सुरू केलं. तोवर ताई फोन धरून बसली होती. बाबांनी वाक्य पुरं केलं आणि पाणी मागितलं.

बुधवार, १९

ताईनं परत आणून सोडलं. तिला ओळखत नव्हते, ते तिला बघवेना, म्हणून ती थांबूही शकली नाही.

मी आत गेलो तर बाबा उठून उभे राहिले. खुर्ची पुढं केली. या साहेब, बसा, माप द्यायचंय का, म्हणाले.

मला अहो म्हणाले.

टेप हातात घेतला. माझ्या खांद्यावर धरला. मग टेपकडे बघत राहिले. कुठून मोजायचं ते —

मी म्हटलं, राहू दे बाबा. ते म्हणाले, माफ करा साहेब.

गुरुवार, २०

ओळीवर क्लिक केलं की एक पर्याय येतो. काम दुसऱ्या प्रॉक्सीकडे सोपवा. इतके दिवस तो फिकट होता, दबत नव्हता. आज दबतो. यादीत पाचवी ओळ आलीये. नाव रिकामं. पत्ता रिकामा. ‘उपलब्ध’.

जवळची आणि रिकामी. या घरात दुसरं आहे कोण.

पुढं विचारलं, आधीच्या प्रॉक्सीवर मूळचं जे होतं ते परत ठेवायचं? हो.

नव्या प्रॉक्सीवर जागा करावी लागेल. चालेल?

या भिकार सॉफ्टवेअरनं पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला. आधी ताईला फोन करावा असं वाटलं. ती नको म्हणेल. तपासणी होईल, मग बघू काही — मदतकेंद्राला पुन्हा लिहीन, मग —

चालेल.

शुक्रवार, २१

बाबा उठले. मला बघितलं. बाळ्या, केवढा वाळलास, म्हणाले.

बाळ्या! मी लहान मुलासारखा रडलो. त्यांनी मामाचं माप सांगितलं, कॉलर, खांदा, बाही, धडाधड. मग आईचं, तिच्या ब्लाउजचंही. सगळं आहे. सगळं परत आहे. मला त्यांना सांगायचंय की — दोरखंड ठीक. ब्रेक ठीक. नाही, हे नाही. खोडतो.

आई गेली तेव्हा घरात —

घरात कोण कोण होतं?

लिहून ठेवतो. माझे वडील शिंपी आहेत. माझे वडील या खोलीत आहेत. माझी एक बहीण आहे, तिला मी — तिला काय म्हणतो — पाचव्या मजल्याचं बटण सैल. आतला दिवा बदलावा.

शनिवार

मॅनेजरबाई वर आल्या होत्या. सगळं हिरवं आहे म्हणाल्या. खूश होत्या. मी त्यांना दोन अहवाल सांगितले. त्या मागं सरकत जिन्याकडे गेल्या.

शनिवार, नंतर

एक म्हातारे गृहस्थ आहेत. चहा आणलाय. समोर बसलेत, जात नाहीत. मला बाळ्या म्हणतात. चांगले आहेत. विचारलं, आपली इमारत कुठली? मजले किती?

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरलाय. लिहिणं जमत नाही नीट. म्हणतात, बाळ्या, इकडे बघ, अरे मी तुझा — दार बंद होताना आत कुणीतरी आहे. बाहेरून ऐकू येतं. दार उघडत नाही. दार हातानं