मढच्या वाळूतली आमची बोट

मुलुंड (पूर्व), आषाढ

तीर्थरूप दादास,

सुलक्षणाचा वाकून नमस्कार, आणि वहिनीलाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतोस, की नुसती बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतोस? फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू अंगणातून ओरडून वहिनीला विचारतोस. ही हकिकत सगळ्या देवगडने ऐकावी अशी नाही, म्हणून पत्र.

तर तुझ्या मेहुण्यांनी बोट घेतली. खेळण्यातली नव्हे, मासे मारायची, इंजिनासकट. रिटायर झाल्यापासून हे सकाळी पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचतात (बातम्या वाचत नाहीत, त्याने म्हणे यांचं ब्लडप्रेशर वाढतं). त्यात एका पतसंस्थेने कर्ज थकलं म्हणून जप्त केलेली बोट विकायला काढली होती. मढला, तिसरा लिलाव, आहे त्या स्थितीत. हे खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, आपण कोकणातले, समुद्र रक्तातच आहे आपल्या. यांच्या रक्तातला समुद्र मला चांगला ठाऊक आहे. आजोबांनी गाव सोडलं ते गिरणीत शिरायला, वडिलांची हयात सूतखात्यात गेली, आणि स्वतः यांनी पस्तीस वर्षं मुलुंडच्या कारखान्यात नटबोल्ट तपासले. वर्सोव्याहून मढला जायची फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे लागते, तेवढ्यात यांना मळमळायला लागलं. कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन निवांत उभ्या, आणि बोटीचे भावी मालक खाली बसून आवळासुपारी चघळताहेत!

बेत काय, तर सोसायटीतल्या लोकांना रविवारी समुद्रावर फिरवायचं आणि माणशी पैसे घ्यायचे. (आमच्या सोसायटीतले लोक लिफ्ट बंद पडली तर मेंटेनन्समधून तेवढे दिवस वजा करायला सांगतात. ते यांना पैसे देणार.) पावसाळ्यात बोट पार्किंगमध्ये ठेवता येईल का, हेही सेक्रेटरी हर्षदना विचारून झालं. त्यांनी रजिस्टर उघडून शांतपणे विचारलं, टू-व्हीलरमध्ये लिहू की फोर-व्हीलरमध्ये? मी विरोध केला नाही, असं तू म्हणशील. केला होता. फॉर्म यांच्या नावाने भरला, अनामत यांनी भरली, मी फक्त सोबत गेले, कारण यांना एकटं पाठवलं की हे चप्पल विसरून येतात.

मासेमारी बंद असल्यामुळे सगळ्या बोटी वाळूत वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. आमची शेवटून दुसरी, निळी, पुढच्या टोकाला नाळेवर पांढऱ्या अक्षरांत ‘मथुरा’. समोर पन्नासेक कोळी मंडळी बसलेली, कोणाच्या तोंडून शब्द नाही. पतसंस्थेचा विपुल नावाचा वसुलीवाला घसा फोडून बोटीचं कौतुक करतोय आणि हे लोक समुद्राकडे बघताहेत. शेवटी माणिक म्हणून एक जण उठला आणि अगदी तळाचा आकडा बोलला. एक वार झालं, दोन वार झालं, आणि आमच्या बाजूने हात वर गेला. दहा हजार जास्त. माणिक खाली बसला. विपुलने मात्र आनंदाने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

मग उलगडा झाला. बोट त्यांच्यातल्याच लहूची. दोन वर्षं मासळी नाही, त्यात इंजिन गेलं, हप्ते थकले. पाड्याने ठरवलं होतं की पहिल्या दोन लिलावांत कोणी तोंड उघडायचं नाही. तिसऱ्यांदा किंमत उतरली की लहूच्या चुलतभावाने, म्हणजे या माणिकने, घरोघरून जमवलेल्या पैशांत ती सोडवायची आणि लहूच्या हवाली करायची. साधा, शहाणा बेत. आणि पन्नास माणसं गप्प बसलेली बघून मुलुंडच्या माणसाला काय वाटावं? की यांना किंमतच कळत नाही! अरे, जन्म त्या बोटींत गेलेली माणसं ती! स्वस्त दिसलं की आपल्या घरात अक्कल गहाण पडते, दुसरं काय?

लहूची आई उठून समोर आली. तिचंच नाव मथुरा. तिने एवढंच विचारलं, “आमचे होरीवर हात कोनी टाकला?” हे उभे राहिले आणि “मी” म्हणाले. (बघ, तिथेही पुढे पुढे!) म्हातारीने पदराने नाळेवरची वाळू पुसली आणि पाठ फिरवून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता दर रविवारी तुझे मेहुणे मढला जातात आणि कोरड्या वाळूवरच्या बोटीत लाइफ जॅकेट घालून बसतात. पाड्यातला एकही माणूस बोटीला हात लावत नाही. मजुरी दुप्पट देतो म्हटलं तरी तिला डांबर लावायला कोणी येत नाही. मथुराबाई मात्र रोज सकाळी येते, नाळ पुसते, तिथे फूल ठेवते आणि यांच्याकडे न बघता जाते. यांनी लहूला सांगितलं, आम्ही भरली तेवढ्याच किमतीला परत घे, सवडीने दे. तो म्हणाला, “दान नको. घेतलीत ना, आता चालवा.” गेल्या रविवारी तर हे तिथून परत येऊन जेवलेच नाहीत. (फेरीमुळे, असं मी धरून चालले आहे.)

पुण्याची अनुपमा मावशी विचारेल, तर आम्ही बोट वगैरे काही घेतली नाही. तब्येतीला जप.

तुझी,
सुलक्षणा

ता. क. नारळी पौर्णिमेच्या आत तू मुंबईला ये. तू चाळीस वर्षं होडी चालवलीस. कोळ्यांना तुझा शब्द ऐकावासा वाटेल. त्या दिवशी नारळ लहूच्या हातूनच त्या बोटीला वाढवला गेला पाहिजे. मालकीचे कागद मी पर्समध्ये घालून ठेवले आहेत.

ता. क. २. वरचं पुन्हा वाचून पाहिलं. हात कोणाचा, ते मी लिहिलेलंच नाही. माझा होता, दादा. यांना त्या पन्नास गप्प माणसांकडे बघून संशय आला होता, हे हळूच म्हणाले, “चल गं, इथे काहीतरी वेगळं आहे, आपण निघू.” आणि मला दिसली ती फक्त तळाची किंमत. म्हातारीने विचारलं तेव्हा माझी जीभ उचलेना, म्हणून हे उभे राहिले. तेव्हापासून दीड महिना मी यांना घालूनपाडून बोलते आहे आणि हे ऐकून घेताहेत. एकदाही “हात तुझा होता” म्हणाले नाहीत.

ता. क. ३. लहूशी तू बोल, पण मथुराबाईला मीच सांगणार आहे. तू फक्त शेजारी उभा राहा. एकटी तीनदा वर्सोव्याच्या फेरीपर्यंत जाऊन परत आले. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तेव्हापासून हे माझ्यासाठी रोज मऊ भात लावताहेत.