रोगाला प्रवेश बंद

२ मार्च, सकाळी
मेव्हण्याच्या पोल्ट्रीत रोग शिरला. निम्मं शेड रिकामं. लगेच पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. महिनाअखेरीस पाहणीला येणार. तेव्हा तुमच्याकडेही मरतूक दिसली तर पुढची बॅच विसरा म्हणाल्या. म्हणजे धंदाच बंद. म्हटलं, मॅडम, निर्धास्त या. हे शेड मी शून्यातून उभं केलंय, रोगाला काय भीक घालतो!

३ मार्च
मोहीम सुरू. बाहेरच्यांना सक्त मनाई. दारात जंतुनाशकाचं घमेलं, पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. आत वेगळे गमबूट. बायकोने विचारलं, तुम्हालाही हेच का? म्हटलं, अगं, मी काय बाहेरचा आहे?

५ मार्च
गमबूट चावतात. आणि चामडी बूट घमेल्यात घातले तर पांढरे पडतील. लांब टांग टाकून ओलांडलं. पाय औषधावरून गेला, म्हणजे नियम पाळल्यासारखाच.

८ मार्च
मेव्हण्याकडे गेलो. शत्रू जवळून पाहायला हवा. आजारी कोंबड्या उचलून डोळे, चोची, पिसं, सगळं तपासलं. बूट बदलण्याच्या महत्त्वावर त्याला सविस्तर भाषण दिलं. तो म्हणतो, दाजी, तुमच्या बुटाला काय लागलंय? म्हटलं, विषय बदलू नकोस. विसरायच्या आत तसाच आपल्या शेडमध्ये शिरलो आणि गड्याला आपल्याच कोंबड्या उचलून प्रात्यक्षिक दाखवलं.

११ मार्च
कोंबड्या शिंकतायत. हवा बदलली असावी.

१२ मार्च
काही मेल्या. दोषी सापडल्या: चिमण्या. जंतू मारायला शेडभर चुना उधळला.

१३ मार्च
आणखी मेल्या. आता संशय गड्यावर. शिंकताना रंगेहाथ पकडला. तो म्हणतो, मालक, तुम्हीच तोंडावर चुना उधळलात. माणूस चांगला, पण उलट उत्तरं फार.

१४ मार्च
बायको म्हणाली, चिमण्या झाल्या, गडी झाला, आता उरलं कोण? मलाही तोच प्रश्न पडला होता. खाद्यवाला! फोनवर त्याला फैलावर घेतलं.

१५ मार्च
चिमण्यांसाठी जाळी लावताना शिडीवरून पडलो. पाय मुरगळला. पलंगावर. मोहीम पोरकी झाली.

१८ मार्च
बायकोने माझ्या परस्पर डॉक्टरीणबाईंना फोन केला. आजारी कोंबड्या वेगळ्या काढल्या, पाण्यातून औषध सुरू. घाबरली बिचारी. मी आत नाही ना.

२४ मार्च
म्हणे मरतूक थांबली. मला धीर द्यायला बोलत असेल. किंवा चुन्याचा गुण उशिरा येतो.

३० मार्च
पाहणी. मी खिडकीशी कान लावून. डॉक्टरीणबाई खूश! पुढची बॅच नक्की! इतक्या लवकर कसं आटोक्यात आलं, त्यांनी विचारलं. औषधाचं तुम्हाला ठाऊकच आहे, बायको म्हणाली, आणि त्याच सुमारास ह्यांचा पाय मुरगळला. मग बराच वेळ गड्यासकट तिघं हसत होती. विनोद काय झाला, तेवढं नीट ऐकू आलं नाही.

३१ मार्च
पाय ठणठणीत. अंगणात चालून दाखवलं. बायको धावत आली. वाटलं, आनंदाने. पण तिने हाताला धरून परत पलंगावर बसवलं. म्हणाली, अहो, नवी पिल्लं मोठी होऊन विकली जाईपर्यंत तरी दुखू द्या की.
दुखतोय.