विजेची पेटी आणि तिचा आवाज

मी, केसर रामचंद्र घरत, वय अडुसष्ट, अविवाहित, राहणार खोपटे, तालुका उरण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहून घेत आहे. गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूने माझा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिणारी माझी शेजारीण, शाळेतल्या बाई, सुचिता म्हात्रे. मी बोलते ते ती लिहिते, भाषा तेवढी नीट करते. माझ्या मागे ही व्यवस्था तिनेच अमलात आणावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. घर. वडिलांचे मिठागर सरकारने घेतले त्याचा मोबदला आला तेव्हा धाकटा भाऊ धर्मा याने ट्रक घेतला. मी मुंबईतल्या एका स्टुडिओने काढून टाकलेला इलेक्ट्रिक पियानो घेतला. आत हातोड्या लोखंडी पट्ट्यांवर पडतात आणि तो आवाज तारेतून स्पीकरला जातो. गावात सगळे त्याला विजेची पेटी म्हणत. लोक हसले. वडिलांनी ओटीवरची भाताची कणगी हलवून जागा करून दिली. त्या ओटीसह घरातला माझा अर्धा हिस्सा धर्माची मुलगी प्राप्ती हिला मिळावा.

दोन. धर्मा. हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी निघत तेव्हा पेटी माझी आणि ढोलकी त्याची असे. प्रत्येक कॅसेटवर छापून यायचे, ‘धर्मा घरत आणि पार्टी’. मी एकदा विचारले, तर म्हणाला, पार्टीत तू आलीसच की. हा राग मला इथे सविस्तर लिहायचा होता. पण हात गेल्यापासून तोच मला भरवतो. मी जुने काही काढले की घास पुढे करतो, “खा गो बाय, मंग बोल.” भरल्या तोंडाने भांडण होत नाही. बँकेत असेल ते त्याला द्यावे. राग होता, एवढी नोंद राहू द्यावी.

तीन. प्रथमेश, पनवेलचा स्टुडिओवाला. पंधराएक वर्षे मी त्याच्याकडे पेटी टेम्पोत घालून नेली. एक दिवस म्हणाला, “केसरताई, पुढच्या वेळी पेटी नका आणू. कॉम्प्युटरमध्ये अशा पन्नास आहेत.” मी विचारले, त्यातली माझी कुठली? तो हसला. पुढच्या वेळी मी पेटी नेली नाही, आणि त्याच्या पुढच्या वेळी मलाच बोलावणे आले नाही. त्याच्याकडे माझे वायरींचे खोके राहिले आहे. ते त्याने ठेवून घ्यावे.

चार. पेटी. खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्या गंजू लागल्या. तुटली की दुसरी मिळत नाही, मुंबईतही विचारून झाले. प्राप्ती वाशीला रेकॉर्डिंगचे काम करते. ती म्हणाली, आत्या, एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात वाजवून साठवून ठेवू, पेटी गेली तरी आवाज राहील. मी नाही म्हणाले. मग आणखी दोन पट्ट्या तुटल्या आणि मी हो म्हणाले. गेल्या वर्षी वैशाखात, पंखा बंद आणि खिडक्या बंद करून आम्ही बसलो. मी वाजवत होते, ती कानाला हेडफोन लावून घाम पुसत होती.

काम झाल्यावर मी तिला सांगितले की हे खोटे आहे, मी झोपेतसुद्धा ओळखेन. तिने मला भिंतीकडे तोंड करून बसवले. एकच चाल तिने दोनदा वाजवली, एकदा पेटीवरून, एकदा कॉम्प्युटरवरून, दोन्ही एकाच स्पीकरमधून. मी जीव लावून ऐकले.

“दुसरी माझी,” मी म्हणाले.

 वळून पाहिले तर प्राप्ती पेटीपाशी नव्हती, कॉम्प्युटरपाशी बसली होती.

ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. मी सांगते आहे.

मग माझा हात गेला. गेल्या महिन्यात गावात हळद होती. खाटेवरून मला गाणी ऐकू येत होती, आणि एका नव्या गाण्यात माझी पेटी वाजत होती. तिच्यातला मधला एक स्वर जरा घरघरतो, ती पट्टी मी स्वतः कथलाचा डाग देऊन जोडलेली. दुसऱ्या कुठल्या पेटीत तसा स्वर नसेल. मी प्राप्तीला फोन लावायला लावला.  ती म्हणाली, “आत्या, तो साठवलेला आवाज मी एकालाच दिला होता.” त्याने पुढे दिला होता. तो प्रथमेशकडेही पोचला आहे, आणि आता कोणाकडे नाही हे तिलाही सांगता येत नाही. ती रडायला लागली, तेव्हा मलाच तिची समजूत घालावी लागली. जो कोणी वाजवत होता तो दोन्ही हातांनी फार सुंदर वाजवत होता. वाईट वाजवले असते तर मला रागावता आले असते.

तर पेटी प्राप्तीला. तिच्या उलव्याच्या खोलीत ती मावणार नाही हे मला माहीत आहे. भंगारात द्यावी लागली तर तिने मनाला लावून घेऊ नये.

पाच. पेटीचा आवाज. तो कोणाच्या नावावर करता येतो का, हे वकिलांना विचारले. ते म्हणाले, आधी तो कुठे आहे ते सांगा. मला सांगता आले नाही. त्यामुळे आवाज मी कोणालाच देत नाही. तो माझ्याकडे नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सुचिताने शेवटी ‘हे मी स्वखुशीने करत आहे’ असे लिहिले होते, कारण तशी रीत आहे. मी तिला सांगितले, “कोनी जोर केला नाय, इतकाच लिव. खुशी नको लिवू.” तिने तो शब्द खोडला आहे. खाडाखोडीच्या जागी आणि खाली, दोन्हीकडे माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.

केसर रामचंद्र घरत
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

लेखन : सुचिता म्हात्रे

साक्षीदार :
१. डॉ. पियूष कडू (सही)
२. रचना गायकवाड, हाताच्या व्यायामासाठी येणारी परिचारिका (सही)

स्थळ : खोपटे, तालुका उरण
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२६